ब्रिटनीच्या विहीणबाई

आई मस्कतला येणार हे नक्की झालं, तेव्हा मी मुलाला हॉलमध्ये झोपायला लावलं आणि त्याची खोली तिच्यासाठी लावून ठेवली. उंच पलंगावर चढताना तिचे गुडघे दुखतात म्हणून सुताराकडून पलंगाचे पाय कापून घेतले. खिडकीला जाड पडदे लावले, भिंतीवर बाबांचा फोटो लावला, कोपऱ्यात देवांसाठी पाट मांडला. मला इथे येऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती आणि आई एकदाही आली नव्हती. बाबा होते तोवर त्यांना एकटं सोडून येणं शक्य नव्हतं. बाबा गेल्यावर मी दर वर्षी विचारायची आणि ती म्हणायची, “आता कशाला?”

आता ती येत होती. पण माझ्यासाठी नाही, माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी.

बहीण माझ्याहून बरीच लहान. पुण्यात फ्रेंच शिकली, फ्रान्सला नोकरीला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. तो बंदरांचं काम करणारा इंजिनीयर. दोनेक वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने त्याला ओमानला पाठवलं. काम लांब दक्षिणेला, दुकमच्या बंदरात, घर मात्र मस्कतमध्ये, अल् खुवैरला. माझं ऑफिसही तिथेच. पण मी शहराच्या टोकाला, माबेलात राहते. तिथून रोज सकाळी एक्स्प्रेसवेवर तासभर गाडी हाकत खुवैरला यायचं, आणि बहिणीच्या बिल्डिंगखालून जाताना वर बघायचं. तिच्या बाल्कनीतून समुद्राची रेघ दिसते. आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात आणि पाण्याचा टँकर.

बहीण इथे येणार कळलं तेव्हा मी आनंदाने नाचले होते, हेही खरं आहे.

ठरलं होतं असं की, बाळ होईपर्यंत आई माझ्याकडे राहील, मग सव्वा महिना बहिणीकडे आणि पुढे व्हिसा संपेपर्यंत पुन्हा माझ्याकडे. आई आली ती माझ्यासाठी बिडाचा तवा घेऊन. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, एवढा जड की सामानाच्या वजनात त्याच्यासाठी तिने स्वतःच्या साड्या कमी केल्या होत्या. “हा तुला,” म्हणाली. “तुमच्या त्या नॉनस्टिकवर घावन नुसतं घसरतं. त्याला जाळी पडत नाही.” रोज सकाळी मी ऑफिसला निघायच्या आधी ती त्या तव्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायची आणि घावन टाकायची. मी उभ्या उभ्या खायची. तेवढाच आमचा वेळ. संध्याकाळी मी परतायची तेव्हा ती पडदा थोडा सारून टँकर बघत बसलेली असायची.

“कंटाळा आला का गं?” मी विचारायची.

“नाही गो. गोळी घेतली, जेवले, पडले जरा.”

बाळ ठरल्यापेक्षा लवकर आलं. मुलगी झाली. मी ऑफिसातूनच दवाखान्यात गेले, बाळाला घेतलं, पेढे वाटले आणि घरी येऊन बघते तर मुलाची खोली रिकामी. आईचे फ्रेंच जावई येऊन तिला घेऊन गेले होते. स्वयंपाकघरात गेले तर तवाही नव्हता.

फोन केला. आई म्हणाली, “बाळंतिणीला गरम घावनं लागतील ना. आणि तुझ्याकडे ते नॉनस्टिक आहेच की.”

विहीणबाई, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, त्याच आठवड्यात आल्या.

त्या ब्रिटनीच्या. ब्रिटनी म्हणजे ब्रिटन नाही, फ्रान्सचा पश्चिमेकडचा समुद्रात घुसलेला कोपरा. हे बहिणीने आईला निदान चारदा समजावलं असेल. आईच्या डोक्यात शेवटी एवढंच राहिलं की तिकडेही खाडी आहे, मासे आहेत आणि पाऊस आहे. विहीणबाई आईच्याच वयाच्या. केस आखूड कापलेले, हाताची बोटं जाड, कामाची. एका बेटावर जन्मलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सूटकेसमध्ये खारवलेलं लोणी आणि काळपट दिसणारं कुट्टूचं, म्हणजे बकव्हीटचं, पीठ भरून आणलेलं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती बाळाच्या पाचवीच्या संध्याकाळी. पाचवीची मीच तयारी करणार होते. आईला म्हटलं होतं, ऑफिस सुटलं की सगळं घेऊन येते. रुवीच्या भारतीय दुकानातून सुपाऱ्या, हळकुंडं, नाडा, सगळं आणलं होतं. कोरा कागद आणि नवं पेनही, कारण सटवाई त्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते आणि तिला लिहायला साधन हवं. दारातून आत शिरले तर पाट मांडून झाला होता. समई लागली होती. पाटाशी आई बसली होती आणि तिच्या शेजारी, पाय नीट दुमडत नव्हते तरी, विहीणबाई. ओटीत त्यांच्या तांदूळ होते.

“अगं, मी आणलंय सगळं,” मी म्हटलं.

“असू दे, ठेव तिथे,” आई म्हणाली. “विहीणबाईंनी बटाटे कापायची सुरी दिली. कोयती नव्हती ना इथे. लोखंड पाहिजे म्हटलं, त्यांना लगेच कळलं. त्यांच्याकडेही लागतं.”

मग बहिणीने सांगितलं. विहीणबाईंच्या गावाकडे कोरिगान म्हणून बुटके लोक असतात. गुडघ्याएवढे, काळे, सुरकुतलेले. माळावर मोठे उभे दगड आहेत, त्यांच्याभोवती ते अंधारात फेर धरून नाचतात. नव्या बाळावर त्यांचा डोळा असतो. पाळण्याजवळ कोणी नसलं की आपलं म्हातारं पोर तिथे ठेवतात आणि माणसाचं बाळ उचलून नेतात. एका बाईला असाच संशय आला. बाळ नुसतं खायचं, वाढायचं नाही, आणि तिच्याकडे बघायचं ते म्हाताऱ्यासारखं. मग तिने काय केलं, अंड्याच्या टरफलात चिमूटभर पेज शिजत ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, दहा नांगऱ्यांचं जेवण करतेय. पाळण्यातलं पोर न राहवून बोललं, “एवढी वर्षं जगलो, पण असलं काही पाहिलं नाही!” झालं, पकडलं गेलं. तिने त्याला झोडपायला घेतलं, तशी त्याची आई धावत आली आणि खरं बाळ ठेवून आपलं घेऊन गेली.

आई ही गोष्ट दुसऱ्यांदा ऐकत होती, हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं. पोर बोललं तिथे ती आधीच हसली. विहीणबाईंनी तिच्या मांडीवर थाप मारली. मग आईने डोळे मोठे करून, बोटांनी कपाळावर लिहिल्यासारखं करून सटवाईची गोष्ट सुरू केली. मधले मधले शब्द बहीण फ्रेंचमध्ये टाकत होती. राजाच्या मुलीचं नशीब ऐकणारा चोर, सटवाईला अडवून “काय लिहिलंस ते सांग” म्हणणारी दाई, असं काय काय. मी सोफ्यावर बसून ऐकत होते. त्यातली एकही गोष्ट मला माहीत नव्हती.

माझा मुलगा झाला तो इथेच, मस्कतमध्ये. तेव्हा बाबांचं ऑपरेशन होतं आणि आई येऊ शकली नव्हती. मी फोनवर विचारलं होतं, “पाचवी कशी करायची?” ती म्हणाली होती, “तिकडे परमुलखात कशाला असलं काही? देवाला हात जोड, झालं.” मी हात जोडले होते. नवऱ्याने डाळभात केला होता आणि दोघं जेवून झोपलो होतो.

त्या संध्याकाळी समईच्या उजेडात दोन म्हाताऱ्या डोक्याला डोकं लावून बसलेल्या बघताना मला ते आठवलं. मी आणलेली पिशवी दारापाशी तशीच होती.

त्यानंतर मी रोज ऑफिस सुटलं की बहिणीकडे जायला लागले. नवरा म्हणाला, “एवढं काय रोज? बाळ काय पळून जातंय?” बाळासाठी जाते असं त्याला वाटत होतं. मी जात होते ते आज आणखी काय झालं ते बघायला, आणि दर वेळी काही ना काही झालेलं असायचंच. आईने धुरीला ओवा आणि वेखंड जाळलं आणि सगळ्या बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला, तेव्हा दोघी विटांसारख्या लाल होऊन हसत होत्या. विहीणबाईंनी माझ्या तव्यावर कुट्टूचं घावन केलं. पीठ ओतून ते छोट्या लाकडी पट्टीने गोल फिरवायचं, मध्ये अंडं फोडायचं, चारी कडा आत दुमडायच्या. आईने अंडं सोडून खाल्लं आणि म्हणाली, “आपल्यासारखंच आहे, फक्त काळं.” मग तिने तांदळाचं टाकून त्यांना दिलं. विहीणबाई काहीतरी म्हणाल्या. बहीण हसली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, आपल्यासारखंच आहे, फक्त पांढरं.”

आणि मरणाच्या गोष्टी! बाळंतिणीच्या घरात आई मरणाचं नाव काढू देत नाही. मला लहानपणी अशा वेळी ‘मेले मी’ असं नुसतं म्हटलं तरी ओरडायची. पण विहीणबाई कपडे वाळत घालता घालता अंकूबद्दल सांगायच्या आणि ही ऐकायची. अंकू म्हणजे त्यांच्याकडचा यमदूत. हाडांचा सापळा, मोठी टोपी, आणि एक बैलगाडीसारखी गाडी. तिची चाकं करकरतात. ती करकर ज्याला ऐकू येते त्याच्या ओळखीचं कोणीतरी जाणार. आणि अंकू हा कायमचा एकच नसतो. गावात वर्षात जो शेवटी मरतो, त्याला पुढचं वर्षभर हे काम करावं लागतं. आई यावर विचार करत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी येतो न्यायला. परका नाही. बरं आहे.”

विहीणबाई लहान असताना त्यांचे वडील समुद्रात गेले होते. होडी परत आली नाही, शरीर मिळालं नाही. त्यांच्या बेटावर अशा वेळी मेणाचा छोटासा क्रूस करायचे. रात्री माणूस जागवतात तसा घरात त्याला जागवायचे आणि सकाळी अंत्ययात्रा काढून पुरायचे. ही गोष्ट बहिणीने सांगितली तेव्हा मीही होते. आईने विहीणबाईंचा हात धरला आणि बहिणीला म्हणाली, “त्यांना सांग, आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करतात. तीनशेसाठ पानं लागतात. माझा काका दर्यात गेला तेव्हा त्याचा केला होता. मी पानं वेचली होती.”

“तू? कधी?” मी विचारलं.

“लहान होते,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मी चाळिशी ओलांडलेली बाई. माझा मुलगा माझ्या खांद्याला लागतो. पण त्या दिवशी गाडीत बसून मी दार आपटलं आणि माबेलापर्यंत एकटीच बडबडत गेले. माझ्या आईला काका होता, तो दर्यात गेला, तिने त्याच्यासाठी पानं वेचली, आणि हे मला एका परदेशी बाईच्या हातावर हात ठेवलेला बघून कळावं! बहिणीचाही राग आला. दुभाषी म्हणून का होईना, तिला सगळं पहिल्यांदा कळत होतं.

सव्वा महिना झाला, तरी विहीणबाई असेपर्यंत आई बहिणीकडेच राहणार होती. एका शनिवारी बाळाला बाहेर काढायचं ठरलं. जावई दुकमला होते म्हणून गाडी माझी. बहीण पुढे, मागे बाळाची खुर्ची आणि तिच्या दोन बाजूंना दोघी. सीबला गेलो. वाटेत टपरीपाशी थांबून हॉर्न वाजवला आणि गाडीतच करक चहा घेतला. हे आईला फार आवडायचं, हॉर्न वाजवला की चहा येतो. मग किनाऱ्यावर गेलो. कोळ्यांच्या होड्या वर ओढून ठेवल्या होत्या, जाळी पसरलेली होती, दोन ओमानी म्हातारे पायघोळ दिशदाशा गुडघ्यापर्यंत खोचून दोर गुंडाळत होते. ऊन उतरलं होतं. दोघी एका पालथ्या होडीवर टेकल्या. मी वाळूत बसले. बहीण बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती आणि चालता चालताच दोघींचं बोलणं उलटसुलट सांगत होती.

विहीणबाई समुद्राकडे बघत आधी त्यांच्या त्या बुडालेल्या शहराबद्दल बोलल्या. समुद्राच्या पातळीखाली वसलेलं, भिंतीने राखलेलं शहर. राजाच्या मुलीने दाराची किल्ली बापाच्या गळ्यातून काढून नेली आणि भरतीचं पाणी आत घेतलं. अजून शांत दिवशी पाण्याखालून घंटा ऐकू येतात म्हणे. आई म्हणाली, “मुलींना किल्ल्या देऊ नयेत,” आणि आम्हा दोघींकडे बघून हसली.

मग विहीणबाईंनी होडीची गोष्ट सांगितली.

त्यांच्या किनाऱ्यावर काही कोळ्यांची घरं अशी होती की त्यांना राजाचा कर माफ असायचा, कारण त्यांच्याकडे दुसरं काम होतं. अंधार पडला की दारावर थाप पडायची. बाहेर कोणी दिसायचं नाही, नुसता आवाज, चला. किनाऱ्यावर एक अनोळखी होडी उभी असायची. रिकामी. पण पाण्यात इतकी खाली बसलेली की लाटा काठाला लागायच्या. कोळी वल्ही मारत ती पलीकडे न्यायचे. तिथे पोचलं की कोणीतरी मेलेल्यांचं एकेक नाव पुकारायचं, आणि एकेका नावाबरोबर होडी हलकी होत वर यायची. कोणी उतरताना दिसायचं नाही.

माझे बाबा खाडीवर ‘तर’ चालवायचे. पूल व्हायच्या आधी या काठाची माणसं त्या काठाला नेणारी होडी. उभा जन्म त्यांनी तेच केलं. पूल झाला आणि ते घरी बसले. ही गोष्ट ऐकताना मला बाबा आठवले आणि आईलाही आठवणार, हे मला माहीत होतं. मी तिच्याकडे बघितलं. पण ती बघत होती विहीणबाईंकडे.

“काठाला पाणी लागेपर्यंत?” तिने विचारलं.

बहिणीने विचारून सांगितलं, “हो, काठाला लागेपर्यंत.”

 आई विहीणबाईंच्या हातावर हात ठेवून, त्यांच्या तोंडाकडे बघत, साध्या मराठीत बोलायला लागली.

“ह्यांचं तसंच झालं. जायच्या आदल्या संध्याकाळी मी पेज भरवत होते. मला म्हणाले, ‘किती माणसं घेतलीयस गो? तर जड झालीय. पाणी काठाला लागलंय.’ मी म्हटलं, ‘कोणी नाही हो, आपण दोघंच.’ तर म्हणाले, ‘मग तू उतर. तू बसलीस तर पोचायची नाही.’ मी म्हटलं, ‘बरं, उतरले.’ तेव्हा कुठे डोळे मिटले.”

बहीण येरझारा घालायची थांबली. तिने फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं, आणि बाळ रडायला लागलं म्हणून तोंड फिरवून गाडीकडे गेली. विहीणबाईंनी आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. दोघी तशाच बसून राहिल्या. मी त्यांच्या पायांशी वाळूत होते, पण माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

बाबा गेले तेव्हा मला विमान मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आईने मला दारातच सांगितलं होतं, “झोपेत गेले. काही त्रास झाला नाही.” पुढची चार वर्षं तेवढंच.

परत येताना मी बहिणीच्या बिल्डिंगखाली गाडी उभी केली आणि म्हटलं, “आई, तू आज माझ्याकडे चल.”

“आज? बाळाचं तेल...”

“एक दिवस ती लावेल.”

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ती गाडीतून उतरली नाही.  घरी गेल्यावर तिने हातपाय धुतले, देवाला दिवा लावला आणि स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. मी भाजी चिरत होते.

“रागावलीस,” ती म्हणाली.

“मला का नाही सांगितलंस?”

“काय?”

“बाबा जे म्हणाले ते. मी त्यांची मोठी मुलगी आहे. तिला सांगितलंस. जिला तुझं एक अक्षर कळत नाही, तिला!”

“म्हणून तर सांगितलं,” आई म्हणाली.

मी सुरी खाली ठेवली.

“तिला कळत नाही म्हणून सांगता आलं. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग मी तुला धरून बसले असते. आणि तू फोनवर काय विचारायचीस, आठव. गोळ्या घेतल्यास का, बीपी किती आलं, कोणी दूध आणून दिलं का. मी सांगायची. विचारलं तेवढं सांगायची.”

“काळजी वाटायची म्हणून विचारायचे.”

“हो, मग? मी कुठे नाही म्हणते?” ती म्हणाली. “ती मात्र काळजी करत नाही. नुसती बसते.”

मी पुन्हा भाजी चिरायला घेतली. भांडण तिथेच संपलं, मिटलं नाही पण संपलं. आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा खुवैरला जायला तयार होऊन बसली होती आणि मी तिला ऑफिसला जाता जाता सोडलं.

विहीणबाई परत जायला निघाल्या तेव्हा जावई नेमके दुकमला अडकले होते. विमानतळावर सोडायचं काम माझ्याकडे आलं. लिफ्टपाशी आई आणि त्या कितीतरी वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या. दोघीही विधवा, तरी आईने त्यांची खण-नारळाने ओटी भरली होती. त्यांनी आईला स्वतःची लोकरी शाल दिली होती, मस्कतच्या उकाड्यात काय उपयोग तिचा, पण आईने ती तिथेच अंगावर घेतली. मी गाडीची किल्ली हातात खुळखुळवत होते.

गाडीत आम्ही दोघीच. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझंही काही फार बरं नाही. हवा, ट्रॅफिक, बाळ किती गोड, असं झालं. मग त्या म्हणाल्या, “एक विचारू? त्या दिवशी समुद्रावर तुझी आई काय म्हणाली?”

मला आधी नीट कळलंच नाही. “बहिणीने सांगितलं ना तुम्हाला?”

“ती एवढंच म्हणाली की, तुझे वडीलसुद्धा होडी चालवायचे. पण तुझी आई खूप बोलली.  मी सुनेला पुन्हा विचारलं नाही. तिचे डोळे भरले होते.”

मी समोर रस्त्याकडे बघत राहिले. म्हणजे इतके दिवस मी ज्याच्यासाठी जळत होते ते या बाईला मिळालंच नव्हतं. आईने ते दिलं होतं, हात हातात घेऊन दिलं होतं, पण पोचलं होतं ते मला आणि बहिणीला. मला हसू आलं आणि त्याच वेळी एकदम मालकीण झाल्यासारखं वाटलं.

“ती म्हणाली, माझे वडील फार चांगले तांडेल होते,” मी म्हटलं. “बोट कधी बुडू दिली नाही.”

“आह,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी मान डोलावली. विमानतळावर त्यांनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, अगदी आईसारखा. मी गाडीत येऊन बसले तरी तो हात पाठीवर होता.

मग आई माझ्याकडे आली. व्हिसा संपायला थोडेच आठवडे उरले होते. ती शाल पांघरून टँकर बघत बसायची. एका संध्याकाळी तिने मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. बहीण नव्हती, तेव्हा मध्ये मी. विहीणबाई त्यांच्या स्वयंपाकघरात होत्या, मागे खिडकीला पाऊस. बाळाचं झालं, गुडघ्यांचं झालं, मग आई मला म्हणाली, “त्यांना ते होडीचं नीट कळलं का गं? तुझ्या बहिणीने घाईत सांगितलं होतं. तू सांग बघू.”

माझी पंचाईत झाली. पण सांगितलं. माझ्या तुटक्या इंग्रजीत, संध्याकाळची वेळ, पेज, तर जड झाली, पाणी काठाला लागलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नाही, पण मी थांबले तसं तिने विचारलं, “‘तू उतर’ म्हणाले, ते सांगितलंस?”

मी ते सांगितलं नव्हतं. माझ्याच्याने ते पुढे बोलवत नव्हतं.

“सांग,” आई म्हणाली. “तेच तर आहे.”

मी सांगितलं. “मग तू उतर. तू बसलीस तर पोचायची नाही.” इंग्रजीत ते फारच छोटं वाटलं. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्या काहीतरी बोलल्या, फ्रेंचसारखं नव्हतं ते, त्यांच्या बेटावरच्या जुन्या भाषेतलं असावं. मला कळलं नाही. आईला तर काय कळणार. पण ती हळूहळू मान हलवत होती, आणि त्या बोलायच्या थांबल्यावर म्हणाली, “हो ना. तसंच.”

“काय म्हणाल्या त्या?” मी विचारलं.

“तुला नाही कळायचं,” आई म्हणाली.

मी फोन धरून बसले होते. हात दुखायला लागला होता.

आता आई गावी आहे. मी दर शुक्रवारी फोन करते. बीपी विचारते, कारण ते विचारायला हवंच. मग काहीतरी वेगळं विचारायचा प्रयत्न करते. लग्न होऊन आलीस तेव्हा खाडी पहिल्यांदा ओलांडलीस ती बाबांच्याच तरीतून का? तो तुझा काका, त्याचं नाव काय होतं? कधी कधी ती सांगते, चांगलं तपशिलात सांगते, मध्येच हसते. त्या दिवशी मी बाकीची कामं बाजूला ठेवून ऐकते. आणि कधी म्हणते, “ते मी विहीणबाईंना सांगितलंय. पुन्हा पुन्हा काय सांगायचं?”

“त्यांना कसं सांगितलंस? भाषा कुठे येते त्यांना?”

“सांगितलं,” आई म्हणते, आणि गॅसवर काहीतरी आहे म्हणून फोन ठेवते.